फोर्ट हूड: एक तळ, दोन गोळीबार आणि कमरेच्या खासगी पिस्तुलाचा प्रश्न

५ नोव्हेंबर २००९, गुरुवार. दुपारचा दीड वाजून गेला होता. टेक्सासमधल्या फोर्ट हूड या लष्करी तळावर इराक आणि अफगाणिस्तानला निघालेल्या सैनिकांची कागदपत्रं, लसी, रक्ततपासणी आणि मृत्युपत्रं ज्या इमारतीत उरकली जात, तिथे खुर्च्यांच्या रांगा भरल्या होत्या. मेजर निदाल हसन हा लष्कराचाच मानसोपचारतज्ज्ञ गणवेशात आत आला आणि त्याने गोळीबार सुरू केला. १३ जण ठार झाले, ३० हून अधिक जखमी. त्या खोलीत एकाही सैनिकाकडे बंदूक नव्हती. हसनच्या हातातलं पिस्तूल सरकारी नव्हतं, त्याच्या स्वतःच्या मालकीचं होतं.

सैनिकांना स्वतःचं शस्त्र तळावर बाळगू द्यावं की नाही, हा वाद अमेरिकेत या दिवसानंतर पेटला आणि अजून विझलेला नाही. दोन्ही बाजू याच घटनेचा दाखला देतात. एक म्हणते, आतल्या एखाद्याच्या कमरेला पिस्तूल असतं तर इतके जीव गेले नसते. दुसरी म्हणते, जीव घेतले तेच मुळी खासगी पिस्तुलाने. फोर्ट हूडचं प्रकरण तपशिलात उलगडायचं कारण असं, की सुमारे साडेचार वर्षांनी त्याच तळावर, जवळजवळ त्याच पद्धतीने, दुसरा गोळीबार झाला. मधल्या काळात नियम बदलले होते. त्यातले कोणते उपयोगी पडले आणि कोणते नाही, हे या एका तळावर तपासता येतं.

तळाचा आवाका आधी समजून घ्यायला हवा. फोर्ट हूड सुमारे ८७० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही मोठा. (२०२३ मध्ये त्याचं नाव फोर्ट कावाझोस झालं, २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट हूड.) आत बरॅकी, कुटुंबांची घरं, शाळा, इस्पितळ, दुकानं, रणगाड्यांची मैदानं. बाहेर लागूनच किलीन शहर, जिथे हजारो सैनिक भाड्याने राहतात आणि रोज गाडी घेऊन फाटकातून आत येतात. फाटकावर ओळखपत्र पाहतात, अधूनमधून एखादी गाडी बाजूला घेऊन उघडतात. प्रत्येक गाडी तपासायची म्हटली तर सकाळी सहाच्या कवायतीला निम्मी पलटण पोहोचणार नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिला गोळीबार: चार मिनिटं दहा सेकंद

हसनने १ ऑगस्ट २००९ रोजी किलीनमधल्या एका दुकानातून एफएन फाइव्ह-सेव्हन हे पिस्तूल विकत घेतलं. ५.७ मिलिमीटरची हलकी, वेगवान गोळी, मॅगझीनमध्ये २० गोळ्या, जोड लावली तर ३०. त्याने त्यावर लेझर बसवून घेतले आणि तळाबाहेरच्या चांदमारीवर सराव केला. खरेदी कायदेशीर होती. खासगी शस्त्र तळावर आणायचं तर त्याची नोंदणी करावी, असा तळाचा नियम होता. त्याने ती केली नाही. तो राहायचा बाहेर, एका फ्लॅटमध्ये, त्यामुळे विचारायलाही कोणी जाणार नव्हतं.

तपासात मोजलेल्या रिकाम्या पुंगळ्या २१४ भरल्या: १४६ इमारतीच्या आत, ६८ बाहेर. पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ आणखी १७७ गोळ्या शिल्लक होत्या. या आकड्यांतून एक गोष्ट निघते. ३० गोळ्यांचं मॅगझीन धरलं तरी २१४ फैरींसाठी त्याला किमान सात वेळा थांबून मॅगझीन बदलावं लागलं असणार. सराईत हात असला तरी दर वेळी दोन-तीन सेकंद जातात. त्या सेकंदांत आतल्या निःशस्त्र माणसांनी त्याच्या अंगावर झेप घ्यायचा प्रयत्न केला. एक कॅप्टन धावला, ६२ वर्षांचा एक नागरी वैद्यकीय सहायक खुर्ची उचलून धावला. दोघेही मारले गेले.

पेंटॅगॉनच्या चौकशी अहवालात वेळांची नोंद आहे. आपत्कालीन क्रमांकावर पहिला फोन आल्यापासून २ मिनिटं ४० सेकंदांत तळाचे पोलीस पोहोचले. पुढच्या दीड मिनिटात हल्लेखोर जमिनीवर होता. कोणत्याही मापाने हे जलद आहे. एवढ्या अवाढव्य तळावर पोलिसांनी पावणेतीन मिनिटांत पोहोचावं, यापेक्षा जास्त अपेक्षा धरणं अवघड. तरीही १३ माणसं गेली. शस्त्र बाळगू देण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. जो कोणी त्याला उडवून लावतो त्याने ती चार मिनिटं नीट डोळ्यांसमोर आणलेली नसतात. मदत कितीही लवकर आली तरी पहिल्या मिनिटात ती खोलीत नसते.

आता त्याच चार मिनिटांतला दुसरा भाग. हसन गणवेशात होता. तो ज्यांच्यावर गोळ्या झाडत होता तेही त्याच गणवेशात होते. सुरुवातीचे काही क्षण अनेकांना वाटलं की हा सरावाचाच भाग आहे. सार्जंट किम्बर्ली मन्ली आणि सार्जंट मार्क टॉड हे दोन पोलीस पोहोचले, तेव्हा बाहेरची माणसं बोटाने दाखवत होती: तो तिकडे. इमारतीच्या कोपऱ्यावर मन्ली आणि हसन समोरासमोर आले, तिला गोळ्या लागल्या आणि ऐन वेळी तिचं पिस्तूल अडकलं. शेवटी टॉडच्या गोळ्यांनी हसन कोसळला. हे दोघे या कामासाठीच नेमलेले आणि शिकवलेले होते. हातात बंदूक असलेला गणवेशधारी एकच होता, म्हणून कोणावर झाडायचं हे त्यांना क्षणात कळलं.

हीच इमारत, पण आत दहा-बारा सैनिकांकडे स्वतःची पिस्तुलं आहेत असं धरून पाहा. काहींनी ती उपसलीत, काहींनी झाडलीत. त्यातला एखादा हसनला पहिल्याच मिनिटात पाडू शकला असता, हे आम्ही नाकारत नाही. पण तसं घडलं नाही तर टॉड आत शिरला असता तेव्हा त्याच्यासमोर एकाच रंगाच्या गणवेशातली पाच-सहा माणसं हातात पिस्तुलं घेऊन ओरडत असती. त्यातलं मारायचं कोणाला? प्रशिक्षित पोलिसांचाही नेम चकमकीत किती लागतो, याचा एक नावाजलेला हिशेब न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ च्या नोंदींवरून केला गेला. समोरून गोळी येत असताना झाडलेल्या फैरींपैकी सरासरी १८ टक्के लागल्या. बाकीच्या भिंतीत, खुर्चीत किंवा दुसऱ्या माणसात जातात. अमेरिकी सैनिक नेमबाज असतो तो रायफलीचा. पिस्तुलाची परीक्षा लष्करी पोलीस, अधिकारी आणि काही ठरावीक कामांवरच्या लोकांनाच द्यावी लागते. ‘सैनिकच आहे, त्याला बंदूक येतेच’ हे वाक्य इथे अर्धंच खरं आहे.

नियम नक्की काय होता

क्लिंटन यांनी १९९३ मध्ये सैनिकांना निःशस्त्र केलं, असं या वादात हमखास ऐकू येतं. ते बरोबर नाही. संरक्षण खात्याचा मूळ निर्देश २५ फेब्रुवारी १९९२ चा, म्हणजे थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीतला. लष्कराचं त्यावर आधारलेलं नियमपत्रक मार्च १९९३ मध्ये निघालं, म्हणून नाव क्लिंटन यांच्यावर बसलं. आणि त्या निर्देशात विषय होता तो कामावर असताना सरकारी शस्त्र कोणी बाळगायचं, याचा: पोलीस, पहारेकरी आणि जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तिथे नेमलेले लोक. शांततेच्या काळात देशातल्या तळावर सैनिक कमरेला बंदूक लावून हिंडत नव्हता, तो आधीपासूनच. खासगी शस्त्रांचे नियम मुख्यतः त्या त्या दलाचे आणि तळाच्या कमांडरचे होते. २००९ नंतरच्या चौकशीत हेच उणं म्हणून नोंदलं गेलं: संपूर्ण खात्यासाठी खासगी शस्त्रांचं एक धोरणच अस्तित्वात नव्हतं.

या नियमांखाली साध्या सैनिकाची गोष्ट अशी असते. बरॅकीत राहणारा असेल तर त्याचं खासगी शस्त्र युनिटच्या आर्म्स रूममध्ये जमा. आपल्याकडे पलटणीत जिला ‘कोत’ म्हणतात, तीच ही खोली. सरकारी शस्त्रांपासून वेगळं, चिठ्ठी लावून, गोळ्या वेगळ्या ठेवून, अनुक्रमांकाने नियमित मोजदाद. बाहेर काढायचं तर कमांडरची परवानगी आणि पावती. तळावरच्या घरात कुटुंबासह राहणारा असेल तर नोंदणी करून घरात ठेवता येतं, रिकामं आणि कुलपात. तळाबाहेर राहणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही, जोवर तो शस्त्र फाटकातून आत आणत नाही. टेक्सासचा कायदा त्याला फाटकापर्यंत जे देतो, ते फाटकाच्या आत चालत नाही.

दुसरा गोळीबार: तेच शहर, तेच दुकान

२ एप्रिल २०१४, दुपारी चारनंतर. स्पेशलिस्ट या हुद्द्याचा सैनिक इव्हान लोपेझ, वय ३४, रजेच्या अर्जावरून कचेरीत वाद घालून गेला आणि पिस्तूल घेऊन परतला. पॉइंट ४५ कॅलिबरचं स्मिथ अँड वेसन, १ मार्चला घेतलेलं, किलीनमधल्या त्याच दुकानातून जिथे हसनने घेतलं होतं. तळावर नोंद नव्हती. तो एका इमारतीत झाडून गाडीत बसला, चालत्या गाडीतून झाडलं, दुसऱ्या इमारतीत, मग तिसऱ्या. सुमारे आठ मिनिटांत तीन सैनिक ठार, डझनाहून जास्त जखमी. लष्करी पोलीस दलातली एक महिला त्याच्यासमोर आली, तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडली.

दोन घटनांच्या मध्ये दोन कायदे झाले होते आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात नसतात. २००९ नंतर काही कमांडरांनी तळाबाहेर राहणाऱ्या सैनिकांकडेही ‘तुमच्या घरी कोणती बंदूक आहे’ अशी चौकशी सुरू केली. त्यावर तक्रारी झाल्या आणि २०११ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात कलम घातलं गेलं: सैनिक तळाबाहेर कायदेशीररीत्या जे शस्त्र बाळगतो, त्याची माहिती खात्याने गोळा करायची नाही. हेतू नागरी हक्काचा. व्यवहारात झालं असं की एखादा सैनिक खचलेला दिसतोय, हे कळूनही त्याच्या सार्जंटला ‘तुझ्याकडे पिस्तूल आहे का रे’ एवढं विचारायची धास्ती वाटू लागली. २०१३ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली: आत्महत्येचा किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा मोठा धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर कमांडर आणि आरोग्य कर्मचारी विचारू शकतात.

लोपेझच्या बाबतीत ते सबळ कारण कोणाला दिसलं नाही. त्याच्यावर नैराश्य आणि चिंतेसाठी उपचार चालू होते, झोपेची गोळी चालू होती. आधीच्या महिन्यात मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासलं होतं आणि हिंसेची खूण नोंदवली नव्हती. फोर्ट ब्लिसहून तो फेब्रुवारीत बदलून आला होता, म्हणजे नव्या युनिटमध्ये त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. सैनिक धोक्याच्या टोकावर असतो तो बहुधा बदलीच्या दोन-तीन महिन्यांत. जुना सार्जंट मागे राहिलेला, नव्याला नाव नुकतं पाठ झालेलं. त्याच काळात बंदूक खरेदी झाली, तर ती दिसणार कोणाला?

या घटनेनंतर तळाचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल मार्क मिली यांनी तळावर लपवून शस्त्र बाळगू देण्याला आपला पाठिंबा नसल्याचं सांगितलं. त्यांचं म्हणणं, पोलीस पुरेसे आहेत आणि ते लवकर पोहोचले. याला दुसरी बाजूही आहे: आठ मिनिटं. २००९ च्या जवळजवळ दुप्पट. एका बंद खोलीऐवजी गाडीतून फिरणारा हल्लेखोर असला की पोलीस त्याच्या मागे पळत राहतात.

इराकमध्ये चालतं, मग टेक्सासमध्ये का नाही?

हा प्रश्न सैनिकच विचारतात आणि त्यात अपमानाची बोच असते. बगदादमध्ये चोवीस तास रायफल घेऊन जेवायला बसलेला माणूस घरी आला की त्याच्यावर विश्वास नाही? बोच खरी आहे, तिला सरळ उत्तर द्यायला हवं.

युद्धभूमीवरच्या तळावर प्रत्येकाकडे शस्त्र असतं, पण ते कसं? अवस्थांना रंग असतात. हिरवी: मॅगझीन शस्त्राबाहेर, चेंबर (झाडायची गोळी जिथे बसते ती जागा) रिकामं. पिवळसर, ज्याला अंबर म्हणतात: मॅगझीन आत, चेंबर रिकामं. लाल: चेंबरमध्ये गोळी. तळाच्या आत सर्वसाधारणपणे हिरवी किंवा अंबर, लाल फक्त फाटकाबाहेर. परत आल्यावर फाटकापाशी वाळू भरलेलं पिंप असतं. त्यात नळी घालून, मॅगझीन काढून, चेंबर उघडून, डोळ्यांनी पाहून, मग ट्रिगर. शेजारी हुद्देदार उभा राहून प्रत्येकाचं बघतो. सगळ्यांचं शस्त्र एकाच बनावटीचं, सगळ्यांची कृती एकच, म्हणून चूक दुरून दिसते. एवढं असूनही पिंपात गोळ्या सुटतात. ती वाळू तिथे भरलेली असते ती उगीच नाही.

कपड्याखाली खासगी पिस्तूल बाळगणारा यातलं काहीच करत नाही. त्याचं पिस्तूल जवळजवळ नेहमी ‘लाल’ असतं, कारण स्वसंरक्षणाला रिकामं चेंबर उपयोगाचं नाही असंच तिकडे शिकवतात. एकाच्या पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ), दुसऱ्याच्या ट्रिगरमध्येच, तिसऱ्याला बाहेरून कुठलीच नाही. वाळूचं पिंप नाही, शेजारी हुद्देदार नाही. आणि दिवसातून तीन-चार वेळा ते काढून ठेवावं लागतं: इस्पितळात जाताना, मुलाच्या पाळणाघरात, जिमखान्यात, जिथे बाहेर मनाईची पाटी आहे अशा सरकारी इमारतीत. चुकून गोळी सुटते ती बहुतेक वेळा याच काढ-घालीत. शिवाय काढलेलं पिस्तूल जातं गाडीच्या कप्प्यात, आणि अमेरिकेत बंदुका चोरीला जाण्याची ही अगदी नेहमीची जागा आहे. म्हणजे युद्धभूमीवर सैनिकाभोवती एक पूर्ण व्यवस्था उभी असते. खासगी परवानगीने पिस्तूल आत येतं, ती व्यवस्था मात्र बाहेरच राहते.

२०१५ आणि त्यानंतरची दारं

१६ जुलै २०१५ रोजी टेनेसीतल्या चॅटनूगा इथे नौदलाच्या राखीव दलाच्या केंद्रावर हल्ला झाला. चार मरीन जागीच गेले, जखमी झालेला नौसैनिक दोन दिवसांनी. केंद्राच्या प्रमुख अधिकाऱ्याने आपल्या खासगी पिस्तुलातून हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या होत्या. नियमाप्रमाणे ते पिस्तूल तिथे असायलाच नको होतं. त्याच्यावर कारवाई झाली नाही, ते योग्यच झालं. पण फोर्ट हूड आणि चॅटनूगा यांत फरक आहे. चॅटनूगाचं केंद्र शहरात, छोटं, आपले लष्करी पोलीस नसलेलं. तिथे बाहेरून मदत येईपर्यंत आतल्यांना कोणी नाही. असं ठिकाण आणि ८७० चौरस किलोमीटरचा पोलीस असलेला तळ यांना एकच नियम लावणं, हेच चुकत आलंय.

त्या वर्षीच्या संरक्षण कायद्याने खात्याला भाग पाडलं की कमांडरला शस्त्राची परवानगी देता येईल अशी पद्धत ठरवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये निर्देश नव्याने निघाला. त्यात प्रथमच खासगी शस्त्र वैयक्तिक संरक्षणासाठी बाळगण्याची लेखी परवानगी कमांडर देऊ शकेल असं आलं. अर्जदार २१ वर्षांचा हवा, शस्त्र बाळगायला संघराज्याच्या कायद्याने अपात्र नको (घरगुती हिंसेची शिक्षा झालेला इथेच गळतो), शिस्तभंगाचं प्रकरण चालू नको, आणि निष्काळजीपणाने इजा झाली तर जबाबदारी वैयक्तिकरीत्या आपल्यावर येऊ शकते हे त्याने लिहून द्यायचं.

कागदावर हे समंजस आहे. सही करणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलं तर अडचण दिसते. परवानगी दिली आणि वर्षभर काही घडलं नाही, तर त्याचं श्रेय कोणी देत नाही. परवानगी दिली आणि त्या पिस्तुलातून गोळी सुटली, तर पहिला प्रश्न ‘सही कोणाची?’ आणि अर्जावर निर्णय घ्यायला त्याच्यासमोर काय असतं? शिस्तीची नोंद असते. तळाबाहेरच्या शहरात पोलिसांनी पकडलं असेल तर ते कळेलच असं नाही. ६ ऑगस्ट २०२५ रोजी जॉर्जियातल्या फोर्ट स्टुअर्टवर एका सार्जंटने खासगी पिस्तुलाने पाच सहकाऱ्यांना जखमी केलं. मे महिन्यात त्याला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती आणि त्याच्या वरिष्ठांना गोळीबार होईपर्यंत ते माहीत नव्हतं. (तिथे त्याला पाडलं ते निःशस्त्र सहकाऱ्यांनी, हातांनी. पाचही जण वाचले.)

हवाई दलाने २०१६ मध्ये जी वाट काढली ती आम्हाला जास्त पटते. युनिटमधले निवडक लोक तळाच्या सुरक्षा दलाकडून शिकून घेतात आणि कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, सरकारी पिस्तूल उघडपणे कमरेला लावतात. शस्त्र एकाच बनावटीचं, कोणाकडे आहे ते सुरक्षा दलाला नावानिशी ठाऊक, संध्याकाळी जमा. फोर्ट हूडच्या त्या इमारतीला २००९ मध्ये असे दोन जण दिले असते, एक दाराशी आणि एक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तर पावणेतीन मिनिटांची पोकळी भरली असती आणि टॉडला गोंधळही झाला नसता. यात करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि न केल्यास बिघडण्यासारखंही. होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हिसका मारून पिस्तूल निघणार नाही असंच हवं. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन नेव्ही यार्ड या नौदलाच्या तळावर हल्लेखोर शॉटगन घेऊन शिरला आणि मारलेल्या पहारेकऱ्याचं पिस्तूल उचलून पुढे गेला. अंगावर दुरून ओळखू येईल असा पट्टा किंवा जाकीट हवं, नाहीतर पोलिसांच्या नजरेत तोही एक बंदूकधारीच. रेडिओ पोलिसांच्याच वाहिनीवर हवा. आणि त्याला दुसरं काम देऊ नये. अर्ज तपासत बसलेला पहारेकरी मान वर करेपर्यंत पहिलं मॅगझीन संपलेलं असतं.

मालकालाच लागणारी गोळी

आतापर्यंत बोललो ते बातम्यांत येणाऱ्या मृत्यूंबद्दल. तळांवर खासगी बंदुकीने होणारे बहुतेक मृत्यू बातम्यांत येत नाहीत. अमेरिकी सैन्यातल्या सेवारत सैनिकांच्या आत्महत्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश बंदुकीने होतात, आणि त्यातली बहुतांश शस्त्रं सरकारी नसून त्यांच्या स्वतःच्या मालकीची असतात. खात्याने नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिफारशी दिल्या: तळावरच्या दुकानांतून बंदूक घेताना सात दिवसांची थांबण्याची मुदत, त्यानंतर गोळ्यांसाठी आणखी चार दिवस, खरेदीचं किमान वय २५, तळावरच्या सर्व खासगी शस्त्रांची नोंदणी आणि सक्तीचं कुलूप. मुदत आणि वयाच्या शिफारशी खात्याने त्या वर्षी स्वीकारल्या नाहीत.

सात दिवसांनी काय होतं, असं विचारणाऱ्यासाठी इस्रायलचं उदाहरण आहे. तिथे १८ ते २१ वयाची मुलं सुट्टीला घरी जाताना सरकारी रायफल सोबत नेत. २००६ मध्ये सैन्याने ठरवलं, आठवडाअखेरची सुट्टी असेल तर रायफल तळावरच ठेवा. आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घसरलं. घट झाली ती सुट्टीच्या दिवसांत. आठवड्याच्या इतर दिवसांत विशेष फरक पडला नाही, म्हणजे ज्याला शस्त्र मिळालं नाही त्याने दुसरा दिवस गाठला असं झालं नाही. ती झटक्याची वेळ टळली आणि मुलगा जगला. सरसकट खासगी पिस्तूल बाळगण्याच्या परवानगीला आमचा विरोध आहे तो मुख्यतः या आकड्यामुळे. शंभर सैनिकांच्या कमरेला पिस्तूल देऊन एखादा हसन कदाचित लवकर पडेल. पण ते पिस्तूल वर्षाचे ३६५ दिवस त्या शंभर जणांजवळ असणार, आणि त्यातल्या एखाद्याची कर्जाची, घटस्फोटाची, रजा नाकारली गेल्याची रात्र त्याच वर्षात येणार.

भारतीय पलटणीत हा प्रश्न याच स्वरूपात येत नाही. खासगी परवान्याचं शस्त्र असलेला जवान विरळा. आपल्याकडे सहकाऱ्यांवर झाडलेली गोळी सहसा सरकारी रायफलीतली असते. १२ एप्रिल २०२३ ला भटिंड्याच्या छावणीत झोपलेल्या चार जवानांना मारलं गेलं, त्याआधी तीन दिवस एक इन्सास रायफल आणि २८ गोळ्या गायब होत्या. तिथे प्रश्न कोतीच्या कुलपाचा आणि मोजदादीचा होता. पण एक दुवा समान आहे: रजा. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, पलटणीत आवाज चढतो तो रजेच्या अर्जावरून. लोपेझचं भांडणही रजेवरूनच होतं.

खिडकी कधी उघडी असते

शेवटी पुन्हा फोर्ट हूडसारख्या तळावर. नोंदणीचा नियम दोन्ही वेळा निष्फळ ठरला, कारण तो पाळायचा की नाही हे ज्याने पाळायचा त्याच्याच मनावर होतं. म्हणून नोंदणी रद्द करावी असं नाही. मात्र तिच्याकडून हल्लेखोर पकडण्याची अपेक्षा सोडून दुसरं काम घ्यायला हवं. प्रामाणिक सैनिकाला शस्त्र स्वतःहून दूर ठेवणं सोपं करायचं ते काम.

आज ते सोपं नाही. आर्म्स रूम उघडते ती कामाच्या वेळेत. किल्लीवाला हजर हवा, परवानगीची सही हवी. शनिवारी पहाटे शिकारीला जायचं तर शुक्रवारी दुपारी चारच्या आत शस्त्र काढावं लागतं, आणि रविवारी रात्री परत आल्यावर जमा करायला कोणी नसतं. मग ते मित्राच्या घरी किंवा गाडीच्या डिकीत राहतं. एकदा राहिलं की तिथेच राहतं. शिवाय आणखी एक भीती: ‘मला काही दिवस हे माझ्याजवळ नको’ असं म्हणत जो खिडकीशी येतो, त्याला वाटतं की आपलं नाव कुठेतरी लिहिलं जाईल आणि बढती अडेल.

करण्यासारखं असं. तळाच्या पोलीस ठाण्यात, युनिटच्या बाहेर, चोवीस तास उघडी अशी एक खिडकी. शस्त्र रिकामं करायला शेजारी वाळूचं पिंप. अनुक्रमांक, पावती, वेगळा कप्पा, गोळ्या वेगळ्या. कारण विचारायचं नाही आणि युनिटला कळवायचं नाही. परत घ्यायला आला की ओळखपत्र, पावती आणि २४ तासांची वाट, एवढंच. बदलून आलेल्या प्रत्येक सैनिकाला हजेरीच्या दिवशी देतात त्या कागदांत या खिडकीचा पत्ता आणि एक तारेचं कुलूप फुकट द्यायचं. आणि नव्या सार्जंटने पहिल्या महिन्यात दोन वेळा समोर बसवून घरचं विचारायचं: पैसे, झोप, रजा. यापैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. लागतात तीन पाळ्यांत मिळून पाच-सहा माणसं आणि तळाच्या कमांडरची एक सही. या सहीबद्दल नंतर त्याला कोणी जाब विचारणार नाही.